युद्धजखमेनंतरचे बुबुळरोपण

स्फोटाने, छर्ऱ्यांनी किंवा विषारी वायूने निकामी झालेल्या डोळ्यावर मृत दात्याचे पारदर्शक पटल शिवण्याची शस्त्रक्रिया. बोलण्यात सगळे ‘बुबुळ बदलले’ म्हणत असले, तरी बदलतात ते बुबुळावरचे स्वच्छमंडल, म्हणजे कॉर्निया. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्यावर पांढरा डाग उरला की आपल्याकडे ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात.

रोपण टिकेल की नाही, हे दात्यापेक्षा घेणाऱ्या डोळ्यावर जास्त अवलंबून असते. सोलापूरकडच्या बोरवाल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. तोही रानबोरीच्या खुंटावर ‘डोळा भरतो’, म्हणजे चांगल्या जातीच्या झाडाची कळी बसवतो. डोळा कितीही जातिवंत असला तरी खुंट खराब असेल तर तो धरत नाही. निरोगी स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती परक्या कलमाच्या वाटेला सहसा जात नाही. शंकूसारख्या फुगलेल्या कॉर्नियावर (केराटोकोनस) केलेली दहापैकी नऊच्या आसपास कलमे पाच वर्षांनीही स्वच्छ असतात. जखम भरताना रक्तवाहिन्या आत शिरल्या, की ही सवलत संपते. अशा डोळ्यात टिकण्याचे प्रमाण निम्म्याच्याही खाली जाऊ शकते.

युद्धातला डोळा हा असाच खुंट. शरीराच्या पृष्ठभागात डोळ्यांचा वाटा ०.१ टक्का, पण इराकसारख्या अलीकडच्या युद्धांत जखमींपैकी दहा टक्क्यांच्या आसपास सैनिकांच्या डोळ्यांना इजा झाली. सुरुंगाचा स्फोट एकटे स्वच्छमंडल फाडून थांबत नाही. माती, धातूचे कण आत घुसतात, दृष्टिपटल, म्हणजे डोळ्यामागचा पडदा, सुटते, पुढे काचबिंदू होतो. स्वच्छमंडलाच्या कडेला वरचा थर नव्याने घडवणाऱ्या मूळपेशी असतात; त्या नष्ट झाल्या तर कलमावर नवी त्वचा चढत नाही, आणि पापणीच गेली असेल तर ते कोरडे पडते. दृष्टिपटल बसवण्यासाठी आत भरलेले सिलिकॉन तेल कलमाच्या आतल्या थराला चिकटून राहिले, की त्या पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत.

कॉर्निया गढूळ असताना आतले दृष्टिपटल शल्यविशारदाला दिसतच नाही. म्हणून तात्पुरती कृत्रिम खिडकी शिवतात, तिच्यातून आतले काम उरकतात आणि त्याच बैठकीत दात्याचे पटल बसवतात. पण इथे घोटाळा होतो तो ‘यशस्वी’ या शब्दाचा. कलम काचेसारखे स्वच्छ आणि नजर मात्र उजेड-अंधारापुरती, असेही घडते, कारण मागची नस किंवा पडदाच उरलेला नसतो. उलट कलम गढुळले तरी डोळा काढावा लागला नाही, हेच काही वेळा मोठे यश. वारंवार कलमे फसली तर बोस्टन पद्धतीचा कृत्रिम कॉर्निया हा पर्याय राहतो; काचबिंदूची टांगती तलवार त्यातही सुटत नाही.

मस्टर्ड वायूची तऱ्हा निराळी. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे तो प्रथम वापरला गेला. त्याने भाजलेला डोळा बरा झालासा वाटून कित्येक वर्षांनी पुन्हा बिघडू शकतो. १९८०–८८ च्या इराण-इराक युद्धातील सैनिकांवर इराणी डॉक्टरांना मूळपेशींचे रोपण आणि बुबुळरोपण दोन्ही करावे लागले.

युद्धातला डॉक्टर म्हटले की सोलापूरकराला द्वारकानाथ कोटणीस आठवणारच. चीनमधील रणभूमीवर काम करताना ते १९४२ मध्ये वारले. दात्यांची पटले पुरवणाऱ्या नेत्रपेढ्या तेव्हा निघायच्याच होत्या: न्यूयॉर्कची नेत्रपेढी, जगातली पहिली मानली जाते ती, १९४४ ची. भारतातली पहिली १९४५ मध्ये मद्रासला निघाली.

माणसावरचे पहिले यशस्वी पूर्ण जाडीचे रोपण एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी मोरावियातील (आजच्या चेकियातील) ओलोमोत्स येथे केले, तेही सैनिकावर नव्हे, चुन्याने डोळे जळालेल्या मजुरावर. एका डोळ्यातले कलम टिकले. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना फुटून मुलाच्या डोळ्यात उडणे हा आपल्याकडचा ओळखीचा अपघात आहे, आणि चुना कडेच्या मूळपेशी तशाच जाळतो. त्यामुळे सोलापुरात घरी सुट्टीवर आलेला जखमी जवान आणि चुन्याने भाजलेला पोर यांना डॉक्टरचे सांगणे बरेचसे एकच असते: सूज उतरेपर्यंत, बहुधा काही महिने, थांबा, कलमानंतर स्टेरॉइडचे थेंब मनाने बंद करू नका, लाली, उजेडाची तिडीक किंवा धूसरपणा आला तर त्याच दिवशी दाखवा. शरीराने कलमाला दिलेला नकार लवकर सापडला तर बऱ्याचदा औषधाने परतवता येतो.