केशवाहिनीतून झिरपलेलं पाणी परत कुठून जातं?

‘धमनीकडच्या टोकाला पाणी बाहेर, शिरेकडच्या टोकाला परत आत’ ही आकृती कित्येक पाठ्यपुस्तकांत आहे. हिशेब सोपा: रक्ताचा दाब ३५ वरून १५ मिमी पाऱ्यावर उतरतो, पाणी आत खेचणारी रक्तातल्या प्रथिनांची ओढ मात्र २५ च राहते. इथे एक गोष्ट सुटते. बाहेरच्या ऊतीद्रवातही (पेशींभोवतीच्या पाण्यातही) बरीच प्रथिनं असतात, ती ओढ कमी करतात. त्यामुळे बहुतेक ऊतींत शिरेकडच्या टोकालाही पाणी थोडंथोडं बाहेरच झिरपतं. ते परत रक्तात नेतात लसीकावाहिन्या, म्हणजे रक्तवाहिन्यांहून वेगळ्या बारीक नळ्या. म्हणूनच या वाहिन्यांवरच्या काखेतल्या लसीका गाठी काढल्यावर हात सुजू शकतो. आतड्याचं अस्तर आणि मूत्रपिंडातल्या नलिकांभोवतीच्या केशवाहिन्या हे अपवाद, त्या सतत पाणी शोषतात. ऑक्सिजन आणि ग्लुकोज या झिरपण्यावर अवलंबून नसतात. ते मुख्यतः विसरणानेच, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत, पेशींपर्यंत पोचतात.