सो कारच्या पाण्यात नेमकं कोण राहतं?

लडाखच्या तलावांचे फोटो बघितले की सगळे त्या निळ्या रंगावरच अडकतात. पण पाणी एवढं नितळ दिसतंय याचा अर्थच असा की त्यात वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल, कमी आहे.

थंडीमुळे असेल असं वाटतं ना? थंडीचा हात आहेच, हिवाळ्यात वरचं पाणी गोठतं, पण बरेच डायटम (काचेसारखं सिलिकाचं कवच असलेलं शैवाल) गार पाण्यात मजेत वाढतात. खरी पंचाईत म्हणजे एक तर नायट्रोजन-फॉस्फरसची चणचण, कारण भोवती सगळा खडक नि रेती, खत येणार कुठून, आणि दुसरं म्हणजे ऊन. दर १००० मीटर चढलं की अतिनील किरणं साधारण १० ते १२ टक्के वाढतात आणि हे तलाव ४५०० मीटरच्या आसपास, म्हणजे ज्या उन्हावर जगायचं तेच ऊन पेशीतला डीएनए मोडतं. मग काही जण किरणं शोषणारी रसायनं अंगातच बनवतात, अगदी स्वतःचं सनस्क्रीन, आणि ज्यांना शेपटीसारखे तंतू असतात ते दुपारी सरळ खोल निघून जातात. त्यामुळे नुसती काठावर बाटली बुडवून तलावाचा हिशोब मांडला तर तो चुकणारच.

मला सगळ्यात भारी वाटतं ते सो कार. इथे खरं तर दोन तलाव आहेत, दक्षिणेला गोड्या पाण्याचा स्टार्टसापुक सो आणि उत्तरेला साधारण १८०० हेक्टरचा, प्रचंड खारट सो कार. ऊन तेच, थंडी तीच, आणि गोड्या तलावातलं पाणी एका ओहोळाने खारट तलावात जातं, म्हणजे नवे पाहुणे येत राहतात पण टिकतात फार थोडे, कारण मीठ पेशीतलं पाणी बाहेर खेचतं. असल्या खाऱ्या पाण्यात तगण्यासाठी प्रसिद्ध असलेलं ड्युनॅलिएला हे शैवाल पेशीत ग्लिसरॉल भरून ठेवतं आणि तो ताण पेलतं.

मोजणी मात्र कंटाळवाणी. नमुन्यात आयोडीनचं द्रावण टाकायचं, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, पेशी मरून जड होतात, मग तासन्‌तास तळाशी बसू द्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजायची.

खताचा थोडा पुरवठा पक्षी करतात. हिवाळ्यात आपल्या भिगवणला येणारे पट्टकादंब उन्हाळ्यात लडाखसारख्या उंच पाणथळींवर अंडी घालतात, त्यांची विष्ठा काठच्या पाण्यात पडते, शिवाय चांगपांच्या, म्हणजे इथल्या भटक्या मेंढपाळांच्या, शेळ्यांच्या लेंड्या असतातच. हे चालायचंच. पण पर्यटकांच्या तंबूंचं सांडपाणी वेगळं, त्यातून फॉस्फरस येतो, आणि नीलहरित शैवालांपैकी काहींना तेवढंच हवं असतं, नायट्रोजन ते हवेतला वापरतात. डायटमना ती सोय नाही, त्यामुळे फॉस्फरस वाढला की पारडं कुणाकडे झुकू शकतं ते उघड आहे.