विभाजक, विभाज्य आणि मूळ संख्या

एका नैसर्गिक संख्येने दुसरीला भागल्यावर बाकी शून्य उरली, तर भागणारी संख्या हा विभाजक आणि जिला भाग गेला ती विभाज्य संख्या. १२ ला ४ ने निःशेष भाग जातो. म्हणून ४ हा १२ चा विभाजक आणि १२ ही ४ ची विभाज्य, म्हणजेच ४ ची एक पट. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः असे नेमके दोनच विभाजक असतात ती मूळ संख्या; दोनांहून अधिक असले तर ती संयुक्त संख्या. महाराष्ट्रातल्या शाळांत हा भाग साधारण पाचवी-सहावीत येतो. अपूर्णांकांना संक्षिप्त रूप देणे, छेद समान करणे, पुढे बीजगणितात अवयव पाडणे, हे सगळे त्यावरच उभे असते.

विभाज्य संख्या मुलांना आधीपासून ठाऊक असतात, फक्त त्या नावाने नाही. सातचा पाढा म्हणजे ७ च्या विभाज्यांची यादी. पाढा दाहेवर थांबतो, यादी थांबत नाही. विभाजकांचे उलटे आहे. ते मोजकेच असतात आणि संख्येपेक्षा मोठे कधीच नसतात. ते जोडीने शोधले की एकही सुटत नाही: ३६ साठी १ आणि ३६, २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९, मग ६ आणि ६. इथे जोडीतले दोघे एकच झाले, म्हणून विभाजक नऊ भरले. विभाजकांची एकूण संख्या विषम येते ती केवळ पूर्ण वर्गसंख्यांच्या बाबतीत, आणि त्याचे कारण या शेवटच्या जोडीत आहे.

भरपूर विभाजक असलेल्या संख्या व्यवहाराला सोयीच्या पडतात. जुना रुपया १६ आण्यांचा, आणा १२ पैंचा, म्हणजे रुपयाचे १९२ पै. १९२ ला १४ विभाजक आहेत, १०० ला फक्त ९. तिघांत रुपया वाटायचा तर प्रत्येकी ५ आणे ४ पै, हिशेब चोख. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि तिघांच्या वाटणीत एक पैसा उरू लागला. दिवसाचे २४ तास, तासाची ६० मिनिटे, वर्तुळाचे ३६० अंश या संख्याही अशाच विभाजकसंपन्न. आपल्यापेक्षा लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ मध्ये मोठा शोधनिबंध प्रसिद्ध केला. २४, ६० आणि ३६० तिन्ही त्या प्रकारात बसतात.

मूळ संख्या याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. १३ पेढे एका ओळीतच मांडता येतात. सारख्या ओळींचा आयत करायला गेले की एखादा उरतो किंवा कमी पडतो. २ ही एकमेव सम मूळ संख्या. १ मात्र मूळही नाही आणि संयुक्तही नाही. हे वाक्य मुले पाठ करतात, त्यामागचे कारण मात्र क्वचितच कुणी सांगते. कोणतीही संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकाराच्या रूपात एकाच प्रकारे लिहिता येते, क्रम बदलला तरी अवयव तेच: ६० = २ × २ × ३ × ५. १ ला मूळ मानले तर मागे हवे तितके १ जोडता येतील आणि ‘एकाच प्रकारे’ला अर्थ उरणार नाही. शिवाय १ चा विभाजक एकच, त्यामुळे व्याख्येतल्या ‘नेमके दोन’ या शब्दांतही तो बसत नाही.

मूळ संख्या शोधण्याची शाळेत शिकवली जाणारी रीत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाच्या नावाने, ‘इरॅटोस्थेनिसची चाळणी’ म्हणून ओळखली जाते. १ ते १०० चा तक्ता घ्यायचा आणि १ खोडायचा. २ ला गोल करून त्याच्या बाकी पटी खोडल्या की ४९ संख्या जातात. ३ च्या पटी खोडताना नव्याने १६ जातात, कारण सम असलेल्या आधीच गेल्या आहेत. ५ च्या वेळी फक्त सहा: २५, ३५, ५५, ६५, ८५, ९५. आणि ७ च्या वेळी अवघ्या तीन: ४९, ७७, ९१. इथे काम संपते. ११ च्या पटी खोडायची गरज नाही, कारण ११ × ११ = १२१ हे तक्त्याबाहेर आहे आणि ११ ची त्याहून लहान पट कुठल्या तरी लहान संख्येने आधीच खोडली आहे. ७५ गेल्या, उरल्या २५. त्यांची बेरीज १०६०. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना हा आकडा तोंडपाठ असतो, त्याचा उपयोग परीक्षेपुरताच.

चाळणी केवळ ऐकून सोडली तर ९१ हमखास फसवते. सम नाही, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज १० म्हणून ३ ने भाग नाही; मग मूळच असणार, असे वाटते. पण तेरा साती एक्क्याण्णव. तसेच सतरा त्रिक एक्कावन्न आणि एकोणीस त्रिक सत्तावन्न. तीसपर्यंतचे पाढे घोकून घेण्याचा आग्रह कितीही जुनाट वाटला, तरी या ठिकाणी तो कामी येतो. अर्थात ५१ आणि ५७ च्या अंकांची बेरीज केली असती तरी काम झाले असते.

विभाज्यतेच्या कसोट्या ही जादू नाही. ४७५२ म्हणजे ४ × १००० + ७ × १०० + ५ × १० + २. प्रत्येक १०००, १०० आणि १० मधून १ बाजूला काढला, तर ९९९, ९९ आणि ९ उरतात, ज्यांना ९ ने भाग जातोच. बाजूला काढलेले मिळून होतात ४ + ७ + ५ + २ = १८. १८ ला ९ ने भाग जातो, म्हणून ४७५२ लाही. ३ ची कसोटी याच कारणाने चालते. ६ साठी २ आणि ३ दोन्हींची कसोटी लावतात, ती चालते कारण २ आणि ३ सहमूळ आहेत, म्हणजे त्यांचा सामाईक विभाजक फक्त १. तोच न्याय ४ आणि ६ ला लावून ‘दोन्हींनी भाग जातो म्हणजे २४ ने जातो’ म्हटले की फसगत झाली. १२ समोरच उभा आहे.

दोन संख्यांच्या सामाईक विभाजकांतला सर्वांत मोठा तो मसावि, सामाईक विभाज्यांतला सर्वांत लहान तो लसावि. घंटा पुन्हा एकत्र कधी वाजतील, हे शिष्यवृत्ती परीक्षेतले ठरीव उदाहरण लसाविचे. दोन दोऱ्यांचे सारख्या लांबीचे मोठ्यात मोठे तुकडे मसाविचे. अवयव पाडून उत्तर काढणे लहान संख्यांना ठीक. ८९९ आणि ११४७ समोर आल्या की भागाकाराची रीतच बरी: ११४७ ला ८९९ ने भागून बाकी २४८, ८९९ ला २४८ ने भागून १५५, पुढे ९३, ६२, ३१ आणि शेवटी शून्य. मसावि ३१, म्हणून ८९९/११४७ चे संक्षिप्त रूप २९/३७. ही रीत ग्रीक गणिती युक्लिडच्या ग्रंथात आहे, आणि परस्पर भागाकाराची हीच कल्पना आर्यभटाच्या इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयातल्या कुट्टकाच्या, म्हणजे समीकरणांची पूर्णांक उत्तरे काढण्याच्या रीतीच्या, मुळाशी आहे. मसावि आणि लसावि यांचा गुणाकार दोन संख्यांच्या गुणाकाराइतका असतो, पण दोनच संख्या असल्या तर. २, ४, ६ घेऊन पाहावे: मसावि २, लसावि १२, गुणाकार २४, संख्यांचा गुणाकार ४८.

मूळ संख्या कधी संपत नाहीत, हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास दाखवले. हाती असलेल्या सर्व मूळ संख्यांचा गुणाकार करून १ मिळवला, तर त्यांपैकी कोणत्याही संख्येने भागले तरी १ उरतो. म्हणून त्या बेरजेचा मूळ अवयव यादीबाहेरचा असतो. ती बेरीज स्वतः मूळ असेलच असे नाही: २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१ = ५९ × ५०९. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची आहे.

एखादी संख्या मूळ आहे का, हे ठरवण्याची खात्रीची आणि अंकांच्या मानाने जलद रीत ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी मांडली. मात्र संख्या संयुक्त आहे एवढे कळले म्हणजे तिचे अवयव सापडले असे नव्हे. शेकडो अंकांच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो, पण त्या गुणाकारावरून त्या दोन संख्या परत मिळवण्याची साध्या संगणकावर जलद चालणारी रीत कुणाला माहीत नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी रचलेली गुप्तलेखनाची पद्धत याच अडचणीवर बेतलेली आहे.