ए/बी टेस्ट किती दिवस चालवायची, हा प्रश्न बिअरच्या कारखान्यातून आलाय

प्रॉडक्ट टीममध्ये ए/बी टेस्टचा, म्हणजे काही लोकांना जुनं आणि काहींना नवं पान दाखवून कुठलं जास्त चालतं हे बघण्याचा, विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, ही किती दिवस चालवायची? आणि उत्तर ठरलेलं असतं, ९५ टक्के खात्री होईपर्यंत. पण हे ९५ कुणी ठरवलं?

विल्यम गॉसेट १८९९ मध्ये डब्लिनला गिनेसच्या बिअर कारखान्यात लागला. माल्टमधून किती अर्क निघतो हे मोजायचं, पण दर वेळी आकडा थोडा वेगळा यायचा, मग किती वेळा मोजलं म्हणजे विश्वास ठेवायचा? त्याने हिशोब मांडला, अर्काच्या आकड्यात अर्ध्या डिग्रीची चूक चालेल आणि १० ला १ एवढी खात्री पुरे असं धरलं तर चारदा मोजून भागतं. चारच! खात्री किती हवी याबद्दल त्याचं म्हणणं सरळ होतं, प्रयोगातून फायदा किती होणार, नवीन पद्धतीला जादा खर्च किती आणि एकेका प्रयोगाला किती पैसे लागतात, हे बघून ते ठरवा. माझ्या मते या सगळ्या विषयातलं याहून महत्त्वाचं वाक्य नंतर कुणी लिहिलेलं नाही. १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याचा पेपर आला, थोड्याच मोजमापांवरून निष्कर्ष काढायची आजची टी-टेस्ट तीच.

पुढे इंग्लंडमध्ये रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशरने १९२५ च्या पुस्तकात २० मध्ये १ चूक चालेल, म्हणजेच ९५ टक्के खात्री, ही रेघ सोयीची म्हणून सुचवली, आणि ती पुस्तकातून कॉलेजात, कॉलेजातून ऑफिसात गेली, गॉसेटचा पैशाचा हिशोब मात्र मागेच राहिला.

आपल्याकडे तो हिशोब जिवंत होता. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३७ पासून बंगालमध्ये तागाचे सर्व्हे केले तेव्हा प्लॉट वाढवले तर चूक किती कमी होते आणि खर्च किती वाढतो, हे आधी छोट्या पायलट सर्व्हेतून काढलं. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दुसरी बाजू दाखवली. पीक कापणी प्रयोगात तुकडा फारच लहान घेतला तर उत्पन्न जास्त दिसतं, कारण कडेवरची रोपं आत धरली जातात, आणि ही चूक एकाच बाजूला जात असल्यामुळे असे कितीही तुकडे कापा, ती निघत नाही. ऑफिसातल्याच पाच जणांना स्क्रीन दाखवून "लोकांना आवडलं" म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

वेब आल्यावर मोठ्या कंपन्यांना प्रयोग जवळजवळ फुकट पडायला लागला. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनवर जाहिरातींची हेडलाइन दाखवायची पद्धत थोडी बदलायची एका कर्मचाऱ्याची कल्पना होती, ती फार महत्त्वाची नाही म्हणून सहा महिन्यांहून जास्त पडून राहिली, शेवटी एका इंजिनिअरने थोड्या दिवसांत कोड लिहून टेस्ट लावली. कमाई १२ टक्क्यांनी वाढली, म्हणजे एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर! तेव्हा जिथे करोडो लोक येतात तिथे कुठली कल्पना चालेल यावर वाद घालण्यापेक्षा टेस्ट लावणंच स्वस्त.

पण लहान साइटचं गणित बघा. १०० पैकी ५ जण खरेदी करतात आणि ते साडेपाच झाले की नाही हे पकडायचंय, तर नेहमीच्या नियमाने, म्हणजे तेच ९५ टक्के धरून, दोन्ही बाजूंना साधारण ३०-३० हजार माणसं लागतात. रोज ५०० लोक येत असतील तर चार महिने. एका बटणाच्या रंगासाठी चार महिने कुणी थांबावं? त्याऐवजी पाचाचे सहा होतील एवढा मोठा बदल हाती घेतला, समजा पेमेंटचं अख्खं पानच नव्याने केलं, तर माणसं चौथाईच लागतात आणि टेस्ट महिन्याभरात उरकते.