पार्श्वभूमी : ‘अनुकूलन’ नावाचा घोळ

उकाड्यात राबणाऱ्यांसाठीच्या नियमांची चर्चा निघाली की ‘अनुकूलन’ हा शब्द हमखास येतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. दोन आठवड्यांत शरीर उष्णतेला सरावतं, ते अनुकूलन. आयुष्याची पहिली काही वर्षं उष्ण प्रदेशात गेली की घामाच्या अधिक ग्रंथी कामाला लागतात, तेही अनुकूलन. तिबेटच्या पठारावरच्या लोकांत हजारो वर्षांत रुजलेला, उंचीवरही हिमोग्लोबिन फार चढू न देणारा जनुकाचा प्रकार, तोही अनुकूलनच! पहिलं कमावता येतं आणि गमावताही येतं. दुसऱ्याची संधी बालपणापुरती. तिसरं जन्मासोबतच येतं. इंग्रजीतही फार वेगळी स्थिती नाही. प्रयोगशाळेत लावलेली सवय (‘अ‍ॅक्लिमेशन’) आणि प्रत्यक्ष हवामानात लागलेली सवय (‘अ‍ॅक्लिमटायझेशन’) यांना निरनिराळी नावं देणारी परिभाषा १९७३ मध्ये निघाली, १९८७ आणि २००१ मध्ये सुधारली गेली. तरी शोधनिबंधांत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी बसतात.

हा काथ्याकूट वाटेल, पण त्यावर माणसांचे जीव टांगलेले होते. वसाहतींच्या काळात प्रश्न एवढाच विचारला जाई, की गोऱ्यांना उष्ण कटिबंध मानवेल का? इतरांना तो मानवतोच, असं धरून चाललेलं. उन्हाने पाठीचा कणा तापतो म्हणून सैनिकांच्या पाठीवर जाड गाद्या बांधल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी फिलिपिन्समधल्या अमेरिकी सैनिकांना नारिंगी-लाल अंतर्वस्त्रं घालून पाहिली. उपयोग शून्य.

खरं उत्तर खाणींत सापडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या खोल सोन्याच्या खाणींत १९२०च्या दशकात मजूर उष्माघाताने मरू लागले, तेव्हा नव्या माणसाला हळूहळू कामाला लावण्याची पद्धत आली. पुढे त्यासाठी गरम, दमट खोल्या बांधल्या गेल्या. रोज चार तास, आठ दिवस, ठेक्यावर पायरी चढायची नि उतरायची. हेतू सोनं काढण्याचा होता, हे विसरून चालणार नाही. पण या काळात शरीरात काय घडतं ते स्पष्ट झालं: रक्तातला द्रव वाढतो, नाडी उतरते, घाम लवकर आणि जास्त सुटतो, त्यातलं मीठ घटतं.

जास्त सुटतो, हे महत्त्वाचं. कमी पाण्यावर भागवायची सवय सैनिकांना लावता येईल, हा लष्करी समज दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या चाचण्यांनी मोडीत काढला. सरावलेल्या माणसाला पाणी अधिकच लागतं.

थंडीचं गणित निराळं. तिथे शरीरापेक्षा कपडेच जास्त काम करतात. कोरियात सुती कपड्यांत गार समुद्रात बुडी मारणाऱ्या स्त्रियांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात रबरी पोशाख घेतले, आणि त्यांच्या शरीराने कमावलेली थंडीची सवय काही वर्षांतच ओसरली.

उष्णतेची सवय तर काही आठवड्यांतच जाते. म्हणूनच नव्या कामगाराला पहिल्या दिवशी २० टक्केच काम, मग रोज २० टक्क्यांची वाढ, अशी शिफारस अमेरिकेत आहे. लांब सुट्टीवरून परतलेल्यासाठी सुरुवात ५० टक्क्यांपासून. ‘उष्ण भागातलाच आहे, त्याला सवय असेल’ हा मुकादमाचा युक्तिवाद मात्र वसाहतीच्या काळातलाच आहे.

सरावालाही मर्यादा आहे. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, म्हणजे उष्णता आणि दमटपणा एकत्र मोजणाऱ्या तापमापीवर ३५ अंश सेल्सिअस ही सहनशक्तीची कमाल सीमा २०१० मध्ये कागदावर मांडली गेली. २०२२ मध्ये निरोगी तरुणांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, तेव्हा दमट हवेत ती ३१ च्या आसपासच आढळली. तिथे सरावलेल्या माणसाचा जास्तीचा घाम सुकत नाही, नुसता ओघळतो.