इंजिन बदलले, बॅटरी तीच राहिली

अमेरिकी नौदलाची पहिली पाणबुडी, १९०० साली विकत घेतलेली 'हॉलंड', पाण्यावर पेट्रोलवर चालायची आणि पाण्याखाली बॅटरीवर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती पाणबुडीच्या तळाशी साचून राहते, माणसांची डोकी गरगरतात आणि एक ठिणगी पडली की संपलेच. बंद पत्र्याच्या नळकांड्यात हे इंधन नको, हे खलाशांना पटवून द्यायची गरज नव्हती. त्यातून आले डिझेल.

१४ फेब्रुवारी १९१२ रोजी ई-१ आणि ई-२ या पाणबुड्या सेवेत आल्या. अमेरिकेच्या पहिल्या डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्या त्या याच. वजन तीनशे टनांच्याही आत आणि माणसे विसेक. ई-१ चा कप्तान होता चेस्टर निमित्झ, म्हणजे पुढे दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकचा सेनापती झालेला निमित्झच. त्या काळात मात्र त्याची ओळख डिझेलचा जाणकार अशी होती. १९१३ मध्ये नौदलाने त्याला इंजिने अभ्यासायला जर्मनीला धाडले. याच ई-१ वर स्पेरीच्या जायरो (चुंबकाऐवजी फिरत्या चक्रावर चालणाऱ्या) होकायंत्राच्या आणि पाण्याखालून रेडिओ संदेश पाठवण्याच्या चाचण्या झाल्या. सुरुवातीची डिझेल इंजिने कटकटीचीच होती. काही वर्षांतच ती बदलावी लागली. पण खरा घातकी भाग इंजिनाच्या खोलीत नव्हताच. तो खलाशांच्या पायाखाली होता.

२५ मार्च १९१५. एफ-४ ही पाणबुडी सरावासाठी होनोलुलू बंदरातून निघाली आणि परतली नाही. पाण्यावर तेलाचा तवंग आणि बुडबुडे तेवढे दिसले. बंदरापासून दीडेक मैलावर, ३०० फुटांहून खोल, ती तळाला बसली होती. आतले २१ जण गेले. सेवेत असलेली अमेरिकी पाणबुडी समुद्रात गमावण्याची ही पहिलीच वेळ.

इतक्या खोलवरून जहाज उचलण्याचा अनुभव कोणाकडेच नव्हता. फ्रँक क्रिली हा नौदलाचा डायव्हर साधी हवा पुरवणाऱ्या पोशाखात ३०४ फुटांपर्यंत उतरला, हा तेव्हाचा विक्रम. १७ एप्रिलला त्याचा सहकारी विल्यम लॉफमन वर येताना २५० फुटांवर दोर आणि हवेच्या नळीत गुरफटला. क्रिली स्वतःहून खाली गेला आणि त्याला सोडवले. या कामगिरीसाठीचे सर्वोच्च पदक त्याला मिळाले १९२९ मध्ये! सरकारी कारभार सगळीकडे सारखाच, दुसरे काय.

आधी तराफ्यांना साखळ्या बांधून तिला उथळ पाण्याकडे ओढले, मग खास बनवलेल्या हवाबंद टाक्यांच्या आधाराने ऑगस्टअखेर वर काढले. तपासात दोष निघाला तो बॅटरीच्या कप्प्याचा. बॅटरीतले गंधकाम्ल सांडून शिशाचे अस्तर खात गेले, त्याखालचे, पत्रे जोडणारे रिव्हेट गंजले आणि तिथून समुद्राचे पाणी आत शिरले. शत्रू नाही, वादळ नाही, काही रिव्हेट.

शिवाय या आम्लात खारे पाणी मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. त्यावर तोडगा म्हणून थॉमस एडिसनची निकेलची, आम्लाऐवजी अल्कली वापरणारी बॅटरी ई-२ मध्ये बसवली. क्लोरीनचा प्रश्न सुटला, पण ती हायड्रोजन भरपूर सोडायची. १५ जानेवारी १९१६ रोजी ब्रुकलिनच्या गोदीत ई-२ मध्ये स्फोट झाला आणि माणसे मेली. एडिसनची बॅटरी तिथेच मागे पडली.

पहिल्या महायुद्धात या पाणबुड्यांना फारसे काही करायला मिळाले नाही. एफ-१ तर १७ डिसेंबर १९१७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एफ-३ ची धडक लागून बुडाली आणि १९ जण गेले. ई-१ काही के-वर्गाच्या पाणबुड्यांसोबत अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांभोवती गस्त घालत राहिली. एल-वर्गाच्या पाणबुड्या आयर्लंडला गेल्या. त्यांतल्या एल-२ समोर जुलै १९१८ मध्ये जर्मन पाणबुडी यूबी-६५ स्फोट होऊन बुडाली, असे कित्येक वर्षे सांगितले जाई. पण २००४ मध्ये यूबी-६५ सापडली ती इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ, तेव्हा तो दावाही बुडाला.

ई-२ च्या स्फोटाच्या वेळी तिचा कप्तान असलेल्या चार्ल्स कुकची बॅटरीशी गाठ पुन्हा पडायची होती. १ सप्टेंबर १९२० रोजी डेलावेअरच्या समुद्रात त्याची नवी पाणबुडी एस-५ बुडी मारत असताना हवा घेण्याची मुख्य झडप उघडी राहिली. पुढचे कप्पे भरले, पाणी बॅटरीपर्यंत पोचले आणि क्लोरीन सुटला. कुकने मागच्या टाक्या रिकाम्या करून शेपूट पाण्याबाहेर काढली. खलाशांनी पाळीपाळीने पत्र्याला भोक पाडले आणि त्यातून काठीला शर्ट बांधून हलवला. 'अलँथस' नावाच्या एका मालवाहू बोटीने ते पाहिले, मागून 'जनरल गोथल्स' आली आणि भोक मोठे करून सगळ्यांना जिवंत बाहेर काढले. युद्धनौका 'ओहायो'ने एस-५ ला ओढून न्यायचा प्रयत्न केला, पण वाटेत दोर तुटला आणि ती बुडाली.