बर्फाखालची मोजदाद

बाग बर्फाखाली गेली की बागेचं वेड असलेल्या माणसाचे हात रिकामे पडतात. बियाण्यांचे कॅटलॉग चाळून होतात, कात्र्यांना धार लावून होते आणि दिवसातून चारदा खिडकीशी जाऊन 'अजून किती दिवस?' असं पुटपुटून होतं. बाहेर सगळं झोपलंय, हे तीन-चार महिने फुकट चाललेत आणि ऊब आली की फुलं येतील, अशी त्यामागची समजूत असते. यातलं शेवटचं विधान अर्धं खरं आहे. पहिली दोन साफ चूक.

शरदात पेरायचा हिवाळी गहू थेट वसंतात पेरून बघा. उगवतो, फुटवे धरतो, हिरवागार दिसतो, पण ओंबी काही धरत नाही. ऊब आहे, ऊन आहे, पाणी आहे. नाही तो फक्त मागे सरलेला हिवाळा. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गुस्टाव गासनर यांनी १९१८ साली हिवाळी राय या गव्हासारख्या धान्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. रुजत घातलेलं बी काही आठवडे थंडीत ठेवून मग वसंतात पेरलं, तर रोप वेळेवर फुलतं असं त्यांना दिसलं. थंडीने फुलण्याची पात्रता येण्याच्या या प्रकाराला वासंतीकरण म्हणतात. कोबी, गाजर, बीट अशा दोन वर्षं जगणाऱ्या भाज्यांचंही हेच. पहिल्या वर्षी पानं आणि मुळं, मग हिवाळा, मगच फुलांचा दांडा.

ही थंडी हाडं गोठवणारी लागत नाही. सगळ्यात कामाची म्हणजे शून्य ते दहा अंश सेल्सियसच्या दरम्यानची, आणि तीही आठवडेच्या आठवडे. इथे बर्फ मदतीला येतो. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते, म्हणून तो गोधडीसारखं काम करतो. वर हवा उणे वीस अंश असली तरी जाड थराखालची माती शून्याच्या जवळपास राहते. तेव्हा वाफ्यावरचा बर्फ फावड्याने काढून 'रोपांना मोकळं' करण्याचा उत्साह आवरावा. झुडपांच्या फांद्या ओझ्याने मोडायला आल्या असतील तर त्या तेवढ्या हलक्या हाताने झटकाव्यात.

आता खरा प्रश्न. सप्टेंबरच्या शेवटी दिवस जेवढा मोठा असतो, जवळजवळ तेवढाच तो मार्चमध्ये असतो. मग शरदातली एखादी उबदार दुपार म्हणजे वसंत नव्हे, हे रोपाला कळतं कसं? हिवाळा येऊन गेला की नाही, हे त्याला लक्षात ठेवावं लागतं, आणि तेही मेंदू नसताना, मज्जातंतू नसताना.

हे कोडं उलगडलं ते मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस नावाच्या एका किरकोळ तणात. त्याच्या पेशींत एफएलसी नावाचं जनुक असतं. ते चालू असेपर्यंत फुलायला मनाई. लांबलेल्या थंडीत ते बंद होतं आणि पुढे ऊब आली तरी बंदच राहतं. इंग्लंडमधल्या नॉरिचच्या जॉन इन्स सेंटरमध्ये कॅरोलाइन डीन यांच्या गटाने या एका जनुकामागे काही दशकं घालवली. पुढे गणिती बाजू सांभाळायला मार्टिन हॉवर्ड सोबत आले. मला विचाराल तर जीवशास्त्रातलं इतकं देखणं काम क्वचितच सापडेल, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आधी घड्याळ पाहू. थंडी पडल्या पडल्या एफएलसी बंद होत नाही. त्याला टाळं लावणारं व्हिन३ नावाचं प्रथिन आठवड्यांच्या हिशेबाने सावकाश वाढतं. इतकं सावकाश का? २०२० साली याचं एक सुंदर उत्तर मिळालं. व्हिन३ला जागं करणारं एनटीएल८ नावाचं आणखी एक प्रथिन आहे. ते चिवट आहे, सहज मोडत नाही. एका भांड्यात रंगाचा थेंब-थेंब पडतोय आणि भांडंच मोठं मोठं होत चाललंय अशी कल्पना करा. रंग कधी गडद होणारच नाही. उबेत रोप भराभर वाढतं, नव्या पेशी होत जातात आणि एनटीएल८ त्यांच्यात वाटलं जाऊन विरळ राहतं. थंडीत वाढ जवळजवळ थांबते. भांडं तेवढंच, थेंब मात्र पडतच असतात. रंग चढत जातो आणि व्हिन३ जागं होतं. म्हणजे ज्या खुंटलेल्या वाढीकडे पाहून खिडकीतला माणूस उसासे टाकतो, ती खुंटलेली वाढच रोपाचं घड्याळ आहे!

आता स्मृती. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. व्हिन३ आणि जनुकं बंद ठेवणारी पॉलिकोम्ब गटातली प्रथिनं मिळून एफएलसीच्या जागेवरच्या रिळांना रासायनिक खुणा करतात. नेमकं सांगायचं तर एच३ या हिस्टोनमधल्या सत्ताविसाव्या अमिनो आम्लावर, लायसीनवर, तीन मिथाइल गट चढतात. थंडीत या खुणा जनुकाच्या सुरुवातीच्या लहानशा भागातच उमटतात. ऊब परतल्यावर त्या पूर्ण जनुकभर पसरतात आणि टाळं पक्कं होतं. पेशी दुभंगताना रिळं दोन्ही लेकींत वाटली जातात, जुन्या खुणा बघून शेजारच्या नव्या रिळांवर तशाच खुणा होतात, आणि टाळं पुढे चालत राहतं.

इथवर दमछाक झाली असेल, पण गंमत पुढेच आहे. एका पेशीत हे जनुक थोडं-थोडं मंद होत नाही. ते चालू तरी असतं किंवा बंद तरी. चार आठवड्यांच्या थंडीत काही पेशींनी टाळं लावलेलं असतं, आठ आठवड्यांत त्याहून जास्त पेशींनी. रोपाचा हिवाळा म्हणजे पेशींची शिरगणती. त्याहून पुढे जाऊन संशोधकांनी एकाच पेशीतल्या एफएलसीच्या दोन प्रतींना दोन वेगळ्या रंगांत चमकणारी प्रथिनं जोडली. काही पेशींत एक रंग विझलेला आणि दुसरा तेवत असलेला दिसला, आणि पेशी दुभंगल्यावरही तसाच राहिला. पेशीतला द्रव दोन्ही प्रतींना सारखाच, तरी एकीला हिवाळा आठवतो आणि दुसरीला नाही. याचा अर्थ आठवण त्या प्रतीवरच, तिच्या रिळांवर लिहिलेली आहे.

गहू हेच काम वेगळ्या जनुकांनी करतो, त्यात शिरत नाही.

ही स्मृती पुढच्या पिढीत मात्र जात नाही. बी धरताना गर्भात एफएलसी पुन्हा चालू होतं, पाटी कोरी. हे सांगायचं कारण ट्रोफिम लिसेन्को. थंडी दिलेल्या बियाण्यात पडलेला फरक वंशपरंपरेने टिकतो, असा दावा या सोव्हिएत कृषितज्ज्ञाने केला आणि स्टालिनच्या पाठबळावर आनुवंशशास्त्रालाच बुर्झ्वा ठरवलं. विरोध करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव १९४० साली पकडले गेले आणि १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने खंगून गेले. आज 'एपिजेनेटिक्स' (जनुक न बदलता त्यावर होणाऱ्या अशा खुणांचा अभ्यास) हा शब्द वापरून लिसेन्कोला मागच्या दाराने आत घेणारे आहेत, आणि सकारात्मक विचारांनी जनुकं बदलून देतो म्हणणारे शिबिरवालेही. त्यांनी हे तण जरूर पाहावं. खुणा खऱ्या आहेत, पण कोणत्या जागी, कशाने आणि किती काळ, याचे नियम फार कडक आहेत.

ट्यूलिपला या हिशेबात धरू नका. शरदात लावायला आणलेला एखादा कंद उभा कापून पाहा. मधोमध, दाण्याएवढं, तयार फूल बसलेलं असतं. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, भिंग असेल तर सगळं मोजता येतं. म्हणजे फुलायचं की नाही हा निर्णय थंडीआधीच झालेला. त्याला थंडी लागते ती दांडा लांबवण्यासाठी. ती मिळाली नाही तर फूल पानांतच बुटकं अडकतं किंवा उमलण्याआधीच करपतं. हिवाळा पुरेसा थंड नसेल तिथे लोक कंद बारा ते सोळा आठवडे फ्रिजमध्ये ठेवतात, आणि ते चालतं. फक्त त्याच कप्प्यात सफरचंदं नकोत. पिकणाऱ्या सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कंदातली कळी आतल्या आत मरते. वसंतात नुसतीच पानं वर आली, तर थंडी कमी पडली म्हणण्याआधी शेजारी काय ठेवलं होतं ते आठवून पाहा.